तीन-जुळणीच्या गेमचा दुसरा भाग करताना काय बदलावं आणि कशाला हात लावू नये?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शेजारच्या दोन सोंगट्यांची अदलाबदल करून तीन सारख्या जुळवायचा एक साधा मोबाइल गेम लोकांना आवडला, आता त्याचा दुसरा भाग करायचा आहे. त्यात नवं काय घालावं, जुनं किती ठेवावं, आणि ‘पहिलाच बरा होता’ असं ऐकायची वेळ येऊ नये म्हणून काय सांभाळावं?

नव्या गोष्टींची यादी आधी बाजूला ठेवा. तिच्याऐवजी दुसरी एक यादी करा: पहिल्या भागात खेळाडू स्वतःची चूक नसताना कुठे कुठे हरतो. चांगला दुसरा भाग बहुतेक वेळा या यादीतूनच निघतो. नवे बॉम्ब, नवे अडथळे, नवा नकाशा हे सगळं नंतरचं. ते नसलं तरी गेम सुधारू शकतो आणि ते भरपूर असलं तरी बिघडू शकतो.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण जपानी ‘पुयो पुयो’चं आहे. सहा घरं रुंद बोर्डावर वरून पडणारे गोळे, एका रंगाचे चार चिकटले की फुटतात, फुटण्यातून साखळी लागली की समोरच्या खेळाडूच्या बोर्डावर निरुपयोगी गोळे पडतात. पहिल्या गेममध्ये हे गोळे एकदा पाठवले गेले की त्यांना थोपवायची काहीच सोय नव्हती. मोठी साखळी जो आधी लावेल तो जवळजवळ जिंकलाच, समोरचा कितीही तरबेज असो. १९९४ च्या ‘पुयो पुयो त्सू’ने इथेच बोट ठेवलं: येऊ घातलेले गोळे आपण साखळी लावून रद्द करू शकतो, आणि आपली साखळी मोठी असेल तर उरलेले समोरच्यावर उलटतात. हालचाल तीच, बोर्ड तोच, चार गोळ्यांचा नियम तोच. पण आधी जी नुसती शर्यत होती तिच्यात आता साखळी राखून ठेवणं, छोट्या साखळीने समोरच्याला हलवणं, त्याची चाल बघून आपली सोडणं असे डाव आले. एका नियमाने हरण्याचं कारण बदललं.

उलट बाजूचं उदाहरण ‘बिज्वेल्ड’च्या घराण्यातच मिळतं. २००१ च्या मूळ गेममध्ये आठ बाय आठचं बोर्ड, सात रंगांची रत्नं आणि अदलाबदल, एवढंच होतं. कुठली जुळणी आधी करायची याला फारसं कारण नसायचं. २००४ च्या दुसऱ्या भागात चार जुळवले की फुटणारं रत्न आणि पाच जुळवले की एक अख्खा रंग उडवणारा घन आला. बोटाची हालचाल तसूभरही बदलली नाही, पण आता तीनची जुळणी समोर असूनही ती न करता चौथ्याची वाट बघण्यात अर्थ आला. २००८ च्या ‘बिज्वेल्ड ट्विस्ट’मध्ये मात्र मूळ हालचालच बदलली: चार रत्नांचा चौकोन घड्याळाच्या दिशेने फिरवायचा, जुळणी होवो वा न होवो. तो गेम वाईट नव्हता. चाली संपून हरण्याचा प्रश्नही त्याने सोडवला, कारण फिरवता कधीही येतं. पण अदलाबदलीची सवय झालेल्या डोळ्याला त्यात पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं, म्हणजे तो दुसरा भाग राहत नाही, वेगळा गेम होतो. २०१० चा तिसरा भाग अदलाबदलीवर परत आला, आणि वेळेचा ताण हवा असणारे, न हरता खेळत बसू इच्छिणारे, कोडी सोडवू इच्छिणारे अशा वेगवेगळ्या खेळाडूंसाठी त्याने वेगळे प्रकार दिले. माझ्या मते दुसऱ्या भागाचं काम करणाऱ्याने हे चारही गेम एका आठवड्यात लागोपाठ खेळावेत.

मूळ हालचालीला हात न लावता तिच्याभोवतीचं बदलता येतं, हे नेम धरून रंगीत गोळे जुळवायच्या ‘झुमा’ने दाखवलं. २००३ च्या गेममध्ये बेडूक एका जागी बसून गोल फिरत गोळे सोडतो. २००९ च्या ‘झुमाज रिव्हेंज’मध्ये काही लेव्हलमध्ये तो रेषेवर सरकतो, काहींत दोन पानांवर उड्या मारतो. नेम धरून गोळा सोडणं तेच राहिलं, नेम धरायची जागा बदलली.

आता तुमच्या बोर्डाकडे या. कागद-पेन्सिल घेऊन आधी हिशोब करा, कारण इथे अंदाज हमखास चुकतो.

आठ बाय आठच्या बोर्डावर ओळीत किंवा स्तंभात सलग तीन घरं मिळण्याच्या ९६ जागा असतात आणि शेजारच्या दोन घरांच्या अदलाबदली ११२. सोंगट्या यादृच्छिक पडत असतील आणि रंग क असतील, तर कोणत्याही एका जागी तिन्ही सारख्या पडण्याची शक्यता क च्या वर्गात एक. पाच रंगांना २५ त एक, सहा रंगांना ३६ त एक, सात रंगांना ४९ त एक. पाचाचे सहा रंग केले की ही शक्यता एका फटक्यात सुमारे ३१ टक्क्यांनी घसरते. म्हणून ‘लेव्हल जरा सोपी वाटते, एक रंग वाढवू’ हा उपाय जरा नसतो, घणाघाती असतो. बारीक फेरफार करायचे तर चालींची संख्या, उद्दिष्टाचा आकडा आणि अडथळ्यांचे थर यांतून करा. रंग हा शेवटचा उपाय.

रंग कमी केले तर उलटं दुखणं लागतं. चार रंगांवर साखळ्या आपोआप लागत राहतात, खेळाडूने काहीही केलं तरी बोर्ड स्वतःच खेळतं. पहिल्यांदा मजा येते, दहाव्या लेव्हलपर्यंत लक्षात येतं की आपल्या चालीला किंमत नाही. असं जिंकणं आणि चूक नसताना हरणं ही एकाच आजाराची दोन लक्षणं आहेत: निकाल खेळाडूच्या हातात नाही. मोजायचं असेल तर प्रत्येक चालीनंतर उडालेल्या सोंगट्यांपैकी किती थेट जुळणीने उडाल्या आणि किती पडझडीतून, म्हणजे वरून पडलेल्या सोंगट्या आपोआप जुळून, याची नोंद ठेवा. पडझडीचा वाटा निम्म्यापलीकडे गेलेली लेव्हल मी परत कामाला घेतो.

जुळणीचा नवा प्रकार घालायचा असेल तर ‘कँडी क्रश सोडा सागा’ने (२०१४) घातलेला दोन बाय दोनचा चौकोन बघा. मूळ गेममध्ये चार सारख्या चौकोनात बसल्या तरी काही होत नसे. इथे त्यातून मासा तयार होतो. डोळ्याला जे आधीच ‘जुळलंय’ असं दिसत होतं त्याला नियमाने मान्यता दिली, म्हणून ते शिकवावं लागत नाही. पण असा नियम घातलात की सुरुवातीचं बोर्ड भरणारा कोडही बदलायला हवा. डावीकडून उजवीकडे, वरून खाली भरत जाताना नेहमीच्या तपासण्या दोन असतात: डावीकडचे दोन सारखे असतील तर तो रंग टाळा, वरचे दोन सारखे असतील तर तो टाळा. चौकोनासाठी तिसरी लागते: डावा, वरचा आणि तिरपा हे तिघे सारखे असतील तर तो रंगही टाळा. तिसऱ्या तपासणीने टाळायचा रंग डाव्याचाच असतो, त्यामुळे कोणत्याही घरात दोनपेक्षा जास्त रंग निषिद्ध होत नाहीत आणि तीन रंग असले तरी भरणं अडत नाही. ही तपासणी विसरली तर नऊ बाय नऊच्या बोर्डावर पाच रंगांना सरासरी दर तीन-चार बोर्डांमागे एक तयार चौकोन निघतो आणि लेव्हल सुरू होताच आपोआप फुटतो. टेस्टिंगमध्ये हा प्रकार ‘कधीकधी होतं’ म्हणून पडून राहतो.

बोर्डावर एकही चाल शक्य उरली नाही की सोंगट्या पिसणं हा दुसरा सापळा. सोपी पद्धत म्हणजे पिसा, तयार जुळणी नाही ना आणि निदान एक चाल आहे ना हे बघा, नसेल तर परत पिसा. मोठ्या मोकळ्या बोर्डावर हे चालतं. बर्फ, साखळदंड आणि भिंतींनी भरलेल्या लेव्हलमध्ये हलवता येणाऱ्या सोंगट्या मोजक्याच उरतात, त्यांत कधीकधी कोणत्याही रंगाच्या तीन नसतात, आणि कोड कायमचा गोल फिरत राहतो. खेळाडूला फोन थिजल्यासारखा दिसतो. पिसण्याला शंभर प्रयत्नांची मर्यादा घाला, त्यानंतर काही सोंगट्यांचे रंग बदला, आणि तरीही चाल निघत नसेल तर लेव्हल परत सुरू करून द्या, पण जीव कापू नका. खास सोंगट्या पिसताना आपल्या घरातच राहू द्या. चार चाली खर्चून दोन बॉम्ब शेजारी आणलेल्या माणसाचे बॉम्ब उधळले गेले तर तो गेम बंदच करतो, आणि त्याचं बरोबर असतं.

नवे अडथळे किती घालावेत? इथे संख्या फसवते. दहा प्रकार असतील तर त्यांच्या जोड्या ४५. आणखी सहा घातले की प्रकार सोळा झाले, पण जोड्या १२०. प्रत्येक जोडीचं उत्तर ठरलेलं हवं: मधाखाली बर्फ असेल तर रॉकेटचा एक फटका कशाला लागतो? साखळदंडातली सोंगटी जुळणीत धरली जाते का? धरली तर उडते की नुसता साखळदंड तुटतो? याचा तक्ता कोडच्या आधी करा. ज्या जोडीचं उत्तर टीममधल्या दोघांनी वेगवेगळं दिलं, ती जोडी खेळाडूलाही कळणार नाही. तिथे नियम सोपा करा किंवा त्या दोन गोष्टी एका लेव्हलमध्ये आणूच नका. मी सहाऐवजी तीन नवे अडथळे घेईन आणि जुन्यांतले सगळ्यात चीड आणणारे दोन काढून टाकेन. काढून टाकणं हीसुद्धा सुधारणा असते, जाहिरातीत ती दाखवता येत नाही एवढंच.

काय काढायचं हे ठरवताना एक कसोटी वापरा. अडथळा खेळाडूच्या चालीला उत्तर देतो, की स्वतःच्या मर्जीने वागतो? दर चालीला यादृच्छिक दिशेने पसरणारा अडथळा दुसऱ्या गटातला. तो ठेवायचाच असेल तर पुढचं पसरणं कुठे होणार ते एक चाल आधी त्या घरावर दाखवा. एवढ्याने तोच अडथळा शिव्या खाण्याऐवजी विचार करायला लावतो.

वेग हा बहुतेक पहिल्या भागांचा दुर्लक्षित दोष. समजा एका चालीत सरासरी अडीच वेळा पडझड होते आणि प्रत्येकीचं ॲनिमेशन ०.७ सेकंदाचं आहे. एका चालीला पावणेदोन सेकंद, २५ चालींच्या लेव्हलला जवळजवळ ४४ सेकंद खेळाडू नुसता बघत बसतो. तेच ०.४५ वर आणलं तर २८ सेकंद. अदलाबदल ०.१५ ते ०.२ सेकंदात संपावी. पडण्याला प्रवेग द्या, एकसारखा वेग दिला तर सोंगट्या पाण्यात बुडाल्यासारख्या वाटतात. लागोपाठच्या पडझडीत प्रत्येक पुढची पायरी थोडी जलद करा.

पुढची सुधारणा म्हणजे पडझड चालू असताना दुसरीकडे चाल करू देणं. जुन्या गेममध्ये अख्खं बोर्ड कुलूपबंद असतं. नव्यात फक्त हलणारी घरं बंद ठेवा. हे दिसतं तितकं सोपं नाही. शेवटची चाल खर्च झाली, पडझड अजून चालू आहे, आणि तिच्यातूनच उद्दिष्ट पूर्ण होणार आहे. अशा वेळी ‘चाली संपल्या’ची खिडकी आधी उघडली तर तुम्ही त्याचा विजय हिरावून घेतलात. निकाल नेहमी बोर्ड पूर्ण शांत झाल्यावर तपासा. शिवाय खेळाडूच्या चाली नोंदवताना सेकंद नोंदवू नका, इंजिनचा, म्हणजे गेमचे नियम चालवणाऱ्या कोडचा, टप्पा क्रमांक नोंदवा. नाहीतर हळू फोनवरचा डाव जलद फोनवर पुन्हा चालवला की वेगळा निघतो आणि तक्रार आलेला बग सापडतच नाही.

त्याच कारणासाठी यादृच्छिक आकड्यांचे प्रवाह, म्हणजे कोड ज्यांतून एकामागून एक आकडे उचलतो त्या मालिका, वेगळे ठेवा. बोर्डासाठी एक, ठिणग्या आणि धूर यांच्यासाठी दुसरा. दोन्ही एकाच प्रवाहातून घेतले तर कुणी ठिणग्यांची संख्या आठाची दहा केली की सगळ्या लेव्हलची पडणारी रत्नं बदलतात, आणि काळजीपूर्वक जुळवलेली अवघडता कुणाच्या नकळत हलते. जमलं तर प्रत्येक स्तंभाला स्वतःचा प्रवाह द्या.

लेव्हलची अवघडता बॉटने, म्हणजे माणसाऐवजी स्वतः खेळणाऱ्या प्रोग्रॅमने, तपासा. नियमांचं इंजिन चित्रांपासून वेगळं असेल तरच हे जमतं, म्हणून दुसऱ्या भागात आधी ते वेगळं करून घ्या. बॉट हुशार नको. उद्दिष्टाला सर्वांत जास्त हातभार लावणारी चाल निवडणारा पुरे. प्रत्येक लेव्हल हजार वेळा खेळवा. शंभर वेळा खेळवून ३० टक्के विजय आले तर खरा आकडा २१ ते ३९ मध्ये कुठेही असू शकतो. हजारांत तो सुमारे २७ ते ३३ वर येतो. बॉटचा आकडा माणसाचा आकडा नसतो, पण कोणती लेव्हल कुठल्या लेव्हलपेक्षा अवघड, हा क्रम बऱ्यापैकी खरा निघतो. नुसता विजयाचा टक्का बघू नका. हरलेल्या डावांत उद्दिष्ट किती बाकी होतं ते पाहा. तीसच टक्के जिंकणाऱ्या दोन लेव्हलपैकी एकीत हरणारे थोडक्यात हुकतात, दुसरीत अर्ध्यावर अडकतात. पहिली परत खेळली जाते, दुसरी सोडली जाते. आणि एकही नियम बदलला तर सगळ्या लेव्हल पुन्हा बॉटकडे पाठवा, फक्त नव्या नव्हे.

इशाऱ्याकडे, म्हणजे खेळाडू थांबला की हलणाऱ्या सोंगट्यांकडे, कुणी लक्ष देत नाही. आळशी कोड वरच्या डाव्या कोपऱ्यापासून शोधत पहिली सापडलेली चाल दाखवतो. वरच्या ओळीतली जुळणी खाली काहीच हलवत नाही, म्हणून ती सहसा सगळ्यात निकामी. मोजक्या चालींच्या लेव्हलमध्ये गेमनेच वाईट सल्ला दिला असं खेळाडूला वाटतं. उपलब्ध चालींना गुण द्या आणि गुणांत वरच्या एक-तृतीयांशात येणारी एक दाखवा. सर्वोत्तम दाखवू नका, नाहीतर माणूस थांबून इशाऱ्याचीच वाट बघायला लागतो. पाच-सहा सेकंदांनंतर इशारा ठीक, आणि तो बंद करायची सोय हवीच.

ट्युटोरियलमध्ये दोन प्रकारची माणसं असतात, जुनी आणि नवी. ‘वगळा’ असं बटण ठेवलं की नवीही वगळतात. पहिल्या लेव्हलचं बोर्ड असं रचा की मोजक्याच चाली शक्य असतील आणि मजकुराची गरजच पडणार नाही. पहिल्या तीन लेव्हलमध्ये कुणी न सांगता चारची जुळणी केली तर तो जुना आहे असं धरा आणि पुढचे धडे गाळा. नवी वस्तू आणायची तेव्हा एक लेव्हल तिची एकटीची, पुढची तिची आणि एका ओळखीच्या अडथळ्याची, तिसरी खरी कसोटीची. त्यानंतर पंधरा-वीस लेव्हल नवीन काही नको.

बोर्डाची रुंदी वाढवायचा मोह होतो तेव्हा बोट आठवा. ३६० डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरच्या मापाचं एकक) रुंदीच्या फोनवर दोन्ही बाजूंना आठ-आठ सोडले तर नऊ स्तंभांत एका घराला ३८ डीपी येतात. अँड्रॉइडची शिफारस ४८ ची आहे. सात स्तंभांत ४९ येतात. नऊ हवेच असतील तर नुसत्या टॅपवर विसंबू नका: बोट जिथे टेकलं ते घर आणि सरकण्याची दिशा एवढंच घ्या, घराच्या एक-तृतीयांश अंतरावर चाल मान्य करा, बोट पुढच्या घरापलीकडे गेलं तरी चालेल. रंगांच्या बाबतीत स्क्रीनशॉट करड्या छटांत बदलून खऱ्या आकारात बघा. दोन सोंगट्या ओळखू येईनात तर त्यांचे आकार वेगळे करा. चित्रं आणि संगीत नवं करा, पण जुळणी झाल्याचा आवाज शक्यतो जुन्याच्या जवळचा ठेवा. जुन्या खेळाडूचा कान त्यावर चालतो.

पैशांबद्दल एकच. पहिला भाग विकत घ्यायचा होता आणि दुसरा फुकट पण जीव मोजून देणारा केलात, तर वर सांगितलेली प्रत्येक सुधारणा संशयाने बघितली जाईल. अवघड लेव्हल ही कोडं म्हणून अवघड आहे की बूस्टर (विकत घ्यायची मदत) विकण्यासाठी, हे खेळाडूला सांगून पटत नाही. निदान प्रत्येक लेव्हल बूस्टरशिवाय जिंकता येते हे बॉटच्या हजार डावांतून तपासून घ्या, आणि पडणाऱ्या सोंगट्या खेळाडूच्या खर्चानुसार बदलणारा कोड लिहू नका. जुने खेळाडू असले बदल फार लवकर ओळखतात.

शेवटी एक तांत्रिक गोष्ट, जी नेहमी उशिरा आठवते. दुसरा भाग वेगळं ॲप असेल तर त्याला पहिल्या ॲपची फोनवरची साठवण सरळ वाचता येत नाही. जुन्या खेळाडूला त्याची प्रगती किंवा खरेदी ओळखून काही द्यायचं असेल, तर पहिल्या ॲपमध्ये आधी अपडेट जायला हवं: आयफोनवर त्याच डेव्हलपरच्या दोन ॲपना सामायिक जागा देता येते, अँड्रॉइडवर एकाच सहीच्या ॲपमध्ये देवाणघेवाण करता येते, नाहीतर खात्याला जोडलेली क्लाउडवरची नोंद. हे अपडेट दुसऱ्या भागाच्या काही आठवडे आधी सोडा, कारण बरेच लोक जुना गेम क्वचित उघडतात आणि नवा आला की जुना आधी काढून टाकतात. नोंदीत आवृत्तीचा क्रमांक पहिल्या दिवसापासून घाला. तो नसलेली जुनी नोंद सापडली तर तिचा क्रमांक शून्य समजा, आणि ती वाचता आली नाही म्हणून पुसू नका.